काही सूर मोठे, काही बारीक : जुन्या डिजिटल ऑर्गनचा दोष शोधताना

आमच्या सिंधुदुर्गात गणपती जवळ आले की भजनी मंडळांचे कीबोर्ड कपाटातून निघतात आणि दुरुस्तीला येतात. चर्चमधला जुना डिजिटल ऑर्गन मात्र जागेवर जाऊनच बघावा लागतो. तिथली नेहमीची तक्रार म्हणजे काही पट्ट्या मोठ्या वाजतात, काही बारीक. या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की लगेच खोलायला बसू नका. एकच स्टॉप (आवाजाचा प्रकार निवडायचं बटण) लावा, स्वेल पेडल (आवाज कमीजास्त करायचं पायाखालचं पेडल) एका जागी ठेवा, एकेक पट्टी दाबा आणि कोणती बारीक वाजते ते वहीत लिहा. अर्धं निदान त्या यादीतच होतं.

ऑर्गनच्या सुरांना सहसा बोटाचा जोर कळत नाही. त्यामुळे पट्टीखालचा काँटॅक्ट (पट्टी दाबल्यावर जुळणारा विजेचा जोड) मळला तर सूर अडखळतो किंवा वाजतच नाही. नुसता बारीक होत नाही. त्याच वाद्यात जोर ओळखणारा पियानोचा आवाज असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पट्टीखाली दोन काँटॅक्ट असतात आणि पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून आवाज ठरतो. पहिला मळून उशिरा लागला की मधला वेळ कमी भरतो आणि सूर एकदम मोठा येतो. दुसरा उशिरा लागला की बारीक. दोष फक्त पियानोत ऐकू येत असेल तर रबरी काँटॅक्ट उचला, त्याचे काळे ठिपके आणि खालचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. सँडपेपर अजिबात नको. कार्बनचा थर गेला की गेला.

आता यादी बघा. पांढरी १, २, ३ आणि काळी ३, ४, ५ बारीक, बाकीच्या ठीक, असं प्रत्येक सप्तकात दिसलं तर पट्ट्यांना हात लावायची गरज नाही. अनेक ऑर्गनमध्ये सूर असे एकाआड एक दोन चॅनेलवर (आवाजाच्या दोन वेगळ्या वाटांवर) वाटलेले असतात आणि त्यातलं एक चॅनेल मंदावलेलं असतं. अँप्लिफायरच्या इनपुटला दोन्ही वायरींची अदलाबदल करा. तेच सूर बारीक राहिले तर दोष ऑर्गनच्या बाजूला; दुसरे बारीक झाले तर अँप्लिफायर किंवा स्पीकर. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत मी आधी कनेक्टर बघतो. पिनांवर हिरवट थर चढलेला असतो आणि तो साफ केल्यावर कितीतरी वाद्यं जागेवर येतात.

यादीत काहीच क्रम नसेल, खालच्या सप्तकातले एकदोन सूरच दबलेले असतील, तर हेडफोन लावून ऐका. हेडफोनमध्ये सगळे सारखे वाजले तर वाद्य निर्दोष आहे. ६५ हर्ट्झच्या पांढरी १ ची लहर साधारण १७ फुटांची असते. चिऱ्याच्या भिंतींवर आपटून ती परत येते तेव्हा काही जागी सूर दबतो, काही जागी घुमतो. वाजवणाऱ्यांना बाकावरून उठवून चार पावलं मागे उभं करा, पट्टी तुम्ही दाबा. त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू द्या, नाहीतर बिचारे तुमच्यावर विश्वास तरी कसा ठेवणार? मग स्पीकरची जागा थोडी थोडी सरकवून बघा.

काही ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. तो उपाय अगदी शेवटी, आणि आधीचे सगळे आकडे वहीत उतरवून घेतल्यावरच. वहीची एक प्रत चर्चमध्ये ठेवा, पुढच्या कारागिराला लागेल.