दारू सोडायचीय, पण एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा ग्रुप) मिटींगला जायचं धाडस होत नाही? आधी हे वाचा

पहिलं काम मिटींग नाही, डॉक्टर. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरत असतील आणि घोट पोटात गेल्यावरच थांबत असतील तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, दोन-तीन दिवसांत फिट येते, भास व्हायला लागतात, माणूस दगावतो पण यात. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला मानसोपचार विभागात दाखवा आणि रोज किती पिता ते खरं सांगा, निम्मं करून नको. आणि घरच्यांनो, जेवणात गुपचूप गोळी-पावडर कालवू नका, त्यात डायसल्फिराम (दारू सोडवायला देतात ते औषध) असलं आणि पिणारा वरून प्याला तर जिवावर बेतू शकतं.

मग मिटींग. जवळची कुठं भरते ते एएच्या हेल्पलाइनला विचारा, उपचारांची माहिती हवी असेल तर सरकारची 14446 पण फुकट आहे.

"पेठेत कळलं तर?" ही भीती सगळ्यांनाच असते, कारण आपल्याकडं तालमीपासून भाजी मंडईपर्यंत सगळे ओळखीचे. लांबच्या भागातली मिटींग धरा की. आत नुसतं पहिलं नाव सांगायचं, फी नाही, शेवटी वर्गणी गोळा करतात ती पण ऐच्छिक, आणि अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. बोलायची सक्ती नाही, मागं बसून ऐकलं तरी चालतं. देवाचा विषय निघतो, पण तुमची अंबाबाई असो नाहीतर कुणीच नसो, ते तुमच्यावर सोडलेलं असतं. 1935 साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून हे सुरू केलं आणि आजही मुख्य औषध तेच आहे, म्हणून निघताना दोघा-तिघांचे नंबर घेतल्याशिवाय हलू नका. ग्लास हातात घ्यायच्या आधी फोन करायचा, नंतर नाही.

जोतिबाची शपथ घेतली असेल तर चांगलंच, पण संध्याकाळी सातला मित्राचा "येतोस का रं?" आला की शपथेला जोडीला माणूस लागतो. पहिले काही महिने रस्सा मंडळ (मित्रांची मटण-रश्श्याची पार्टी) आणि गटारी सरळ टाळा, मित्र रुसू देत.

मध्येच घसरलात तर लाजून घरी बसू नका, दुसऱ्याच दिवशी मिटींगला जा, तिथं कुणी हाकलत नाही.

आणि वहिनी, तो यायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता, घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळा ग्रुप असतो, त्याच्या होकाराची वाट बघू नका.