लहानपणीच्या दोस्तीवरचे सिनेमे कसे बघायचे

आधीच सांगते, खाली काही सिनेमांचे शेवट येणार आहेत, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी सिनेमे बघून या.

दोस्ती आणि वयात येणं या विषयावरचा सिनेमा संपला की लोक "खूप रडले" नाहीतर "जरा स्लो आहे" एवढंच बोलतात. रडायला माझी काहीच हरकत नाही, मी पण रडते. पण इतकी वर्षं हे सिनेमे परत परत बघून माझं एक पक्कं मत झालंय की पोरांचं निरागसपण ज्या क्षणी जातं तो क्षण रडवणाऱ्या सीनमध्ये सापडत नाही, तो त्याच्या बराच आधी, एखाद्या नजरेत नाहीतर न बोललेल्या वाक्यात होऊन गेलेला असतो आणि नेमकं तेव्हाच आपण मोबाईल बघत असतो. ती जागा सापडली ना, की सिनेमा वेगळाच दिसायला लागतो.

सुरुवात कुठून करायची? सगळ्यात जड सिनेमापासून नको. अब्बास किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' हा 1987 चा इराणी सिनेमा आहे, त्यात अहमद नावाचा मुलगा चुकून मित्राची वही घरी आणतो, आणि उद्या वही नसली तर मित्राला शाळेतून काढतील म्हणून त्याचं घर शोधत शेजारच्या गावात फिरत राहतो. गोष्ट एवढीच. कोणी मरत नाही, मारामारी नाही. पण मोठी माणसं त्याचं म्हणणं ऐकूनच घेत नाहीत, आणि ते न ऐकणं बघून पोटात कालवतं. या सिनेमाने डोळ्यांना सवय होते. मोठ्यांच्या लेखी क्षुल्लक असलेली गोष्ट मुलासाठी केवढी असते ते एकदा कळलं की पुढचे सिनेमे "स्लो" वाटत नाहीत.

मग पहिल्या वीसेक मिनिटांत तीन गोष्टी बघून ठेवायच्या. कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे, मोठी माणसं कुठे आहेत, आणि पोरांची स्वतःची जागा कोणती. शॉन बेकरच्या 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट'मध्ये (2017) कॅमेरा बऱ्याचदा सहा वर्षांच्या मूनीच्या उंचीवर असतो, त्यामुळे मोटेलमधली गरिबी आपल्याला आधी खेळायचं मैदान म्हणूनच दिसते, आईचं काय चाललंय ते हळूहळू कळत जातं. मूनीच्या आधी ते आपल्याला कळलेलं असतं आणि तिथेच जीव तुटायला लागतो. शेवटी ती मैत्रिणीच्या दारात रडते ना, तिच्या तोंडून शब्द फुटत नाहीत, तेव्हा तिला पण कळलेलं असतं.

आता मुख्य काम. दोघांमध्ये पहिल्यांदा अंतर कधी पडतं ते शोधायचं. लुकास दॉन्टच्या 'क्लोज'मध्ये (2022) लिओ आणि रेमी तेरा वर्षांचे जिवलग मित्र, शाळेत मुली सहज विचारतात, तुम्ही कपल आहात का? बास, तेवढ्या एका प्रश्नाने लिओ सावध होतो आणि हळूहळू रेमीपासून लांब सरकायला लागतो. एक दिवस तो रेमीची वाट न बघता शाळेत निघून येतो, रेमी सगळ्यांसमोर रडत त्याच्या अंगावर धावून जातो. पुढे जे होतं ते भयंकर आहे, पण मला विचाराल तर सिनेमा त्या प्रश्नापाशीच फिरलाय. परत बघताना तो सीन नीट बघा. प्रश्न विचारणारी मुलं दुष्ट पण नाहीत हो, हेच जास्त लागतं.

लुई मालचा 'ऑ रव्हॉर ले झाँफाँ' (1987) तर या एका कारणासाठी प्रत्येकाने बघावा. जानेवारी 1944, फ्रान्समधली कॅथलिक बोर्डिंग शाळा, तिथे खोट्या नावाने लपवून ठेवलेला ज्यू मुलगा झाँ आणि त्याचा मित्र झुलियाँ. गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी वर्गात येऊन झाँचं खरं आडनाव घेऊन विचारतो, कोण आहे तो? सगळे गप्प. अधिकाऱ्याची पाठ वळते, आणि झुलियाँची नजर नकळत, अगदी अर्धा क्षण, मित्राकडे जाते. नेमकी तीच अधिकारी पकडतो. त्याने दगा दिला असं म्हणता येत नाही आणि काहीच केलं नाही असंही म्हणता येत नाही, आणि ते मूल हे घेऊन आयुष्यभर जगणार. माल स्वतः अकरा वर्षांचा असताना त्याच्या शाळेतून अशीच मुलं पकडून नेली होती, आणि त्याला त्यावर सिनेमा करायला चाळीसच्या वर वर्षं लागली. हे माहीत असेल तर शेवटी येणारा त्याचा स्वतःचा आवाज अंगावर येतो.

दर वेळी अंतर म्हणजे भांडणच असेल असं नाही. 'स्टँड बाय मी'मध्ये (1986) चार पोरं एका मुलाचं प्रेत शोधायला रुळांवरून चालत निघतात, सगळ्यांना रेल्वेचा पूल आणि जळवा आठवतात. मला आठवतं ते हरीण. सकाळी बाकीचे झोपलेले असताना गॉर्डीला हरीण दिसतं, आणि तो ते कोणालाच सांगत नाही. भांडण नाही की राग नाही, फक्त पहिल्यांदाच काहीतरी एकट्याचं ठेवावंसं वाटलं. मोठं होणं असंही सुरू होतं. आणि अविनाश अरुणच्या 'किल्ला'मध्ये मित्र चिन्मयला पावसात किल्ल्यावर सोडून पळून जातात, त्यांच्यासाठी ती पाच मिनिटांची गंमत असते, त्याच्यासाठी नाही. कोणाला काय केवढं लागलंय ते मोजायची दोघांची मापं वेगळी आहेत, तेवढं बघितलं तरी पुरे.

शेवटाबद्दल थोडक्यात सांगते. शेवट समजला नाही म्हणून लगेच यूट्यूबवर "एंडिंग एक्सप्लेन्ड" शोधू नका. त्रुफोच्या '400 ब्लोज'मध्ये (1959) सुधारगृहातून पळालेला आंत्वान नावाचा मुलगा समुद्रापर्यंत धावतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि चित्र गोठतं, त्याला उत्तर नाहीये. त्यापेक्षा जरा मागे जाऊन तो सीन बघा जिथे त्याचा मित्र रने सुधारगृहात त्याला भेटायला सायकलवर येतो आणि त्याला आत सोडत नाहीत. तो सीन विसरलात तर आंत्वान कशापासून पळतोय ते निम्मंच कळेल.

मुलांसोबत बघणार असाल तर आधी एकट्याने पूर्ण बघा, नुसतं रेटिंग वाचून भागत नाही. 'स्टँड बाय मी'मध्ये शिव्या आणि सिगारेटी आहेत, ते चालून जाईल, पण 'क्लोज'मध्ये एका मुलाची आत्महत्या आहे, तो नाजूक वयाच्या किंवा आधीच उदास असलेल्या मुलाला असाच लावून देऊ नका. आणि संपल्यावर "यातून काय शिकलास" हे अजिबात विचारायचं नाही. लाइट पण लगेच लावू नका. विचारायचंच असेल तर एवढंच, तुला कोणाचा राग आला? या प्रश्नावर मुलं खरं बोलतात, कारण त्यात चुकीचं उत्तर नसतं.

माझ्या भाचीला मालचा सिनेमा दाखवला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्या रात्री एक शब्द बोलली नाही, मी पण विचारलं नाही. दोन दिवसांनी दप्तर भरता भरता म्हणाली, "मावशी, त्याने बघितलं नसतं तर वाचला असता का गं तो?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "त्याला पण माहीत नसणार ना." मग परत दप्तर भरायला लागली.