लेक डिस्ट्रिक्टला आईबाबांना घेऊन चाललात? निदान या चुका टाळा

मँचेस्टरला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे कोणी ना कोणी पाहुणे येतातच. लंडन बघून झालं की फर्माईश ठरलेली: "ते तळ्यांचं जे आहे ना, तिकडे जाऊ." म्हणजे लेक डिस्ट्रिक्ट, वायव्य इंग्लंडमधलं डोंगर-तळ्यांचं राष्ट्रीय उद्यान. गाडीने दोन तासांच्या आत पोचतो, त्यामुळे मीही कधी नाही म्हणत नाही. पण गेल्या काही वर्षांत माझ्या आणि ओळखीच्या कुटुंबांच्या त्याच त्याच चुका इतक्या वेळा पाहिल्यात, की आता राहवत नाही. सगळ्याच्या मुळाशी एकच घोळ असतो. वाट ठरवतो घरातला सगळ्यात तरणा, आणि ती चालावी लागते सगळ्यात दुखऱ्या गुडघ्याला.

तळ्याकाठची वाट म्हणजे सपाट वाट

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मावशी आणि काका साताऱ्याहून आले होते. मावशी रोज सकाळी तासभर फिरणारी. काकांचा डावा गुडघा कुरकुरणारा, पण "मला काही होत नाही" हे त्यांचं पालुपद. मी अल्सवॉटर तळं निवडलं. ग्लेनरिडिंगहून तळ्याच्या पूर्व काठाने हाउटाउनपर्यंत चालायचं आणि येताना बोटीने परत. या तळ्यावर १८५९ पासून बोटी चालतात, त्यातली एक तर १८७७ ची आहे. काकांना अशा जुन्या यंत्रांचं भारी वेड. अंतर सात मैल, म्हणजे अकरा किलोमीटर. तासाला चार धरले, वर डबा खायला अर्धा तास. नकाशावर वाट पाण्याला चिकटून जाताना दिसत होती. पाणी सपाट, तर वाटही सपाट, एवढं साधं गणित!

प्लेस फेल नावाचा डोंगर जिथे थेट पाण्यात उतरतो, तिथे ते गणित संपलं. वाट पन्नास पावलं वर, चाळीस पावलं खाली, पुन्हा वर. मधेच झाडांची मुळं, मधेच तिरक्या ओल्या पाटीच्या दगडाच्या पायऱ्या, मधेच ओढा. इथे ओढ्याला बेक म्हणतात. चढताना काका ठीक होते. गुडघा बोलतो तो उतरताना, आणि ही वाट दर दहा मिनिटांनी उतरत होती. मावशी एकदाच म्हणाली, "अगं, हे तू सपाट म्हणाली होतीस ना?" मग तिने तो विषय काढला नाही. ते जास्त लागलं.

साडेपाच तासांनी हाउटाउनचा धक्का दिसला, आणि त्या धक्क्यावरून सुटून निघालेली शेवटची बोटही दिसली. हाउटाउन म्हणजे एक हॉटेल, चार घरं आणि एक अरुंद रस्ता. फोनला रेंज नाही. एका निवृत्त जोडप्याने मला एकटीला त्यांच्या गाडीत घेतलं आणि तळ्याला पूर्ण वळसा घालून, वीसेक किलोमीटर, ग्लेनरिडिंगला आमच्या गाडीपाशी सोडलं. मी परत आले तेव्हा काका धक्क्यावर बसून दशमी खात होते आणि मावशी मेंढ्यांशी गप्पा मारत होती.

तेव्हापासून माझा नियम: बोट आधी, चालणं नंतर. बोटीने हाउटाउनला उतरायचं आणि गाडीकडे चालत यायचं. मग शेवटच्या बोटीची धास्ती उरत नाही, उशीर झाला तर फक्त चहा लांबतो. आणि गुडघा दुखरा असेल तर चालूच नका, बोटीनेच जा आणि बोटीनेच या. त्यात कमीपणा काहीच नाही.

वेळेचा अंदाज घ्यायला इथले लोक १८९२ मधला नेस्मिथचा नियम वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. नेस्मिथ हा स्कॉटिश गिर्यारोहक. त्याच्याबरोबर काका नव्हते. मी त्याचा आकडा दुप्पट करते आणि वर अर्धा तास चहाचा धरते. आजवर चुकले नाही.

"आम्ही कळसूबाई केलंय, हे काय!"

हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उठते. कळसूबाई १६४६ मीटर, आणि इंग्लंडमधलं सगळ्यात उंच शिखर स्काफेल पाइक अवघं ९७८. बरोबर आहे. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच पठारावर आहे. इकडे स्काफेलच्या पायथ्याशी वॉझडेल हेडला गाडी लावता तेव्हा तुम्ही जेमतेम ऐंशी मीटरवर असता, म्हणजे जवळजवळ सगळीच उंची पायांनी फेडावी लागते. वर झाड नाही, आडोसा नाही, आणि अटलांटिकवरून आलेला ओला वारा सरळ अंगावर.

पावसाचंही तसंच. बॉरोडेलमधलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात ओलं वस्तीचं ठिकाण, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. महाबळेश्वरला याहून पुष्कळ जास्त पडतो हे मला माहीत आहे, सांगू नका. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि तो कोमट असतो. इथला बारा महिने आणि गार.

माझा एक भाचा पुण्याहून आला तो रील पाहूनच. त्याला हेल्वेलिन डोंगराच्या स्ट्रायडिंग एजवरून जायचं होतं. ती दोन्हीकडे तुटलेली अरुंद धार आहे. अंगात सुती हुडी, खाली जीन्स. महिना जून. अर्ध्या वाटेवर ढग उतरला आणि जीन्स भिजून पायाला चिकटली. एरवी अखंड बोलणारा तो गप्प झाला. गप्प होणं हे थंडी आत शिरल्याचं लक्षण, ते ओळखायला शिका. आम्ही तिथूनच मागे फिरलो आणि तो दोन दिवस रुसला. चालेल मला. याच हेल्वेलिनवर हिवाळ्यात बर्फाची आणि वाऱ्याची पाहणी करायला पगारी माणसं रोज चढतात. गरज पडल्याशिवाय कोणी असा खर्च करत नाही.

सुती कपडा नको, जीन्स तर नकोच. पातळ लोकरी किंवा सिंथेटिक थर, वर पाणी न शिरणारं जॅकेट, आणि पिशवीत कोरडे मोजे. मी दर माणशी दोन जोड ठेवते. लोक हसतात, आणि दुपारी तेच लोक मोजे मागतात.

मग सगळ्यांना घेऊन जायचं कुठे?

राष्ट्रीय उद्यानानेच "माइल्स विदाउट स्टाइल्स" नावाने वाटा निवडून ठेवल्या आहेत. स्टाइल म्हणजे दगडी कुंपण ओलांडायला केलेल्या पायऱ्या. चाकाची खुर्ची आणि बाबागाडी अडते ती तिथेच, म्हणून या वाटांवर अशा पायऱ्या नाहीत. वाटांचे तीन गट आहेत: सर्वांसाठी, पुष्कळांसाठी आणि काहींसाठी. लोक "पुष्कळांसाठी" वाचतात आणि आपण त्यात आहोतच असं धरून चालतात. खुर्ची ढकलणार कोण, त्याच्या कमरेचं काय, हे आधी ठरवा.

माझ्या आवडीची पहिली केझिक गावाहून फ्रायर्स क्रॅग. डरवेंटवॉटर तळ्याच्या काठाने छोटी, मऊ वाट, आणि शेवटी बाकावरून अख्खं तळं. दुसरी टार्न हाउझ, छोट्या तळ्याभोवती पावणेदोन मैलांचा फेरा. तिथे खडबडीत वाटेवर चालणारी ट्रॅम्पर नावाची विजेची गाडीही मिळते, पण आधी बुकिंग करा, दारात जाऊन हट्ट करू नका. तिसरी केझिक ते थ्रेलकेल्ड, जुन्या रेल्वेमार्गावरची. २०१५ च्या डिसेंबरातल्या डेस्मंड वादळात हिचे पूल वाहून गेले आणि २०२० मध्ये ती नव्याने खुली झाली. तीन मैल, मधे बोगदा, नदी सतत सोबत. काकांना इथे नेलं तेव्हा ते माझ्या पुढे चालत होते.

बटरमियर तळ्याचा साडेचार मैलांचा फेराही सुरेख आहे, पण मुळं आहेत आणि थोडा भाग गाड्यांच्या रस्त्याने जातो. आजी-आजोबा धडधाकट असतील तरच.

बाकीच्या चुका, थोडक्यात

कॅटबेल्स. डोंगराचं नाव गोंडस, उंची ४५१ मीटर, म्हणून सगळे लहान मुलांना घेऊन धावतात. माथ्याजवळ पावलांनी गुळगुळीत झालेले खडक आहेत, हात टेकावे लागतात. पाऊस पडला असेल तर उद्या जा. पार्किंगसाठी भांडण्यापेक्षा केझिकहून बोटीने पायथ्याच्या हॉझ एंडला उतरा.

शॉर्टकट. ब्रॅकन नावाच्या नेच्याच्या झुडपांतून दिसणारी ती छान पायवाट बहुतेक वेळा मेंढ्यांची असते, आणि मेंढीला कड्यावर जायचीही हरकत नसते. वळणं तोडून सरळ उतरणाऱ्यांमुळे डोंगराची माती वाहून जाते, ते वेगळंच. इतकी घाई असेल तर विंडरमियरला आइस्क्रीम खात बसा.

नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर नकाशावरची हिरवी तुटक रेघ म्हणजे चालण्याचा हक्क. जमिनीवर तिथे वाट दिसेलच असं नाही. प्रत्यक्ष वाट दाखवते ती काळी तुटक रेघ, तीही बघा. आणि नकाशा कागदी घ्या, फोन थंडीत मान टाकतो.

फाटक. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वासराजवळच्या गाईला लांबून वळसा. ती गोमाता असली तरी आधी त्या वासराची माता आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि दिवस एकदम आखडतो. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य गेलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांनी विजेरी बरोबर ठेवावी, फोनचा दिवा नव्हे.

आणि खरंच कोणी अडकलं तर ९९९ लावून आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. नुसती अँब्युलन्स मागितली की फोन भलतीकडे फिरतो. येणारे सगळे स्वयंसेवक असतात, जेवणाच्या ताटावरून उठून येतात आणि पैसे घेत नाहीत. फोन लागत नसेल तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. माझी शिट्टी जॅकेटच्या चेनलाच बांधलेली असते. काकांनी ती एकदा वाजवून पाहिली होती, मला हाक मारायला, सँडविच उघडून दे म्हणून.