सभेतल्या होकारावर विसंबू नका

नाशिकमध्ये शिक्षण घेऊन पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यांत आरोग्याच्या कामाला निघालेल्यांना लोकसहभाग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. म्हणून ज्या एका चुकीत माझे पहिले वर्ष गेले, तिच्याविषयीच लिहिते.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गरोदर महिलांनी लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या न चुकता घ्याव्यात, यासाठी आम्ही भिंतीवर लावायचे चित्रांचे कॅलेंडर तयार केले होते. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस गोळी घ्यायची असते. गोळी घेतली की त्या दिवसाच्या चौकोनात टिकली लावायची, एवढी सोपी कल्पना होती. ग्रामपंचायतीत सकाळी अकराला सभा भरली. सरपंच आणि आम्ही खुर्च्यांवर बसलो, बाया मागे भिंतीला टेकून बसल्या आणि कॅलेंडर आवडले का असे विचारताच सगळ्यांनी माना डोलावल्या. तो होकार मी अहवालात लोकसहभाग म्हणून नोंदवला. दिवाळीनंतर पुन्हा गेले तेव्हा बरीच घरे बंद होती, आणि उघड्या घरांत कॅलेंडरे गुंडाळून आढ्याला खोचलेली होती.

दिवाळीनंतर या भागातली कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात, हे मला ठाऊक होते. तरीही बागेतल्या झोपडीत कॅलेंडर कोठे टांगणार, हे मी विचारले नाही. आणि चारचौघांत, त्यातही सरपंचांसमोर, पाहुणीच्या वस्तूत खोट काढणे एकीलाही प्रशस्त वाटले नाही. तुमच्या सभेतही हेच होईल. वस्तू आधी बनवून मग मत विचारलेत, तर तुम्हाला मत नव्हे, सौजन्य मिळेल.

पुढच्या पावसाळ्यात आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीने, संध्याकाळी एका ओट्यावर सात-आठ जणींना बसवले. जमिनीवर बारा महिन्यांचे चौकोन आखून कामाच्या महिन्यांत खडे आणि घरात धान्य असलेल्या महिन्यांत नागलीचे दाणे त्या बायांनीच मांडले. ब्रिटिश विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी ही पद्धत जगभर पोहोचवली आणि आखणारी काठी गावकऱ्यांच्या हाती देण्यावर भर दिला. मी मात्र ती काठी आधी वर्षभर स्वतःच धरून ठेवली होती. त्या तासाभरात कळले ते असे, की सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर गोळी घेतल्याने मळमळते आणि मजुरीचा दिवस बुडतो, म्हणून गोळी बंद होते. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही, एवढीच भर मी घातली. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, निघण्यापूर्वी दोन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात आणि त्या माता व बाल संरक्षण कार्डासह कापडी बटव्यात ठेवाव्यात, हे सारे त्यांनीच ठरवले.

दोन दिवसांची कार्यशाळा आणि भरपूर छायाचित्रे हा सोपा मार्ग मला अजिबात मान्य नाही. मार्गदर्शक शोधायचा तर शहरातल्या तज्ज्ञाआधी दहा वर्षे तेच गाव पायी फिरलेली आशाताई शोधा, आणि तिच्या वेळेचे मानधन अंदाजपत्रकात धरा. इथल्या कोकणा आदिवासींची बोली येत नाही म्हणून खचू नका. माझीही अजून मोडकीच आहे, आणि बाया ती हसत सुधारून देतात. मात्र पहिली बैठक द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीआधी घ्या, कारण ती सुरू झाली की मजूर बागांकडे जाऊ लागतात आणि ज्यांच्यासाठी काम आखायचे त्या बायाच पाड्यावर भेटत नाहीत.