जपानी ठशांचं निसर्गचित्र: या चुका टाळा

अख्खं झाड कागदावर बसवायची आपल्याला फार हौस. लाकडी ठशांनी चित्रं छापणाऱ्या जपानी परंपरेतल्या हिरोशिगे या चित्रकारानं १८५७ मध्ये एडोतल्या (आजच्या टोकियोतल्या) कामेइदोची उमेच्या, म्हणजे जपानी प्लमच्या, फुलांची बाग दाखवली, तेव्हा खोड थेट नाकासमोर आणलं, बुंधा-शेंडा चौकटीबाहेर जाऊ दिले आणि फांद्यांच्या फटींतून मागची चिमुकली माणसं दाखवली. आभाळ चक्क लाल! लाकडात कोरायला घेण्याआधी पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कच्च्या चित्रावर सरकवून बघा. कुठे कापलं की चित्र जागं होतं, ते लगेच कळतं.

पांढऱ्यासाठी वेगळा रंग शोधू नका. होकुसाई या जपानी चित्रकाराच्या सुप्रसिद्ध लाटेचा फेस म्हणजे न छापलेला कागद.

खरी फजिती होते ती ‘बोकाशी’त, म्हणजे गडदाकडून फिक्याकडे विरत जाणाऱ्या रंगात. ही छटा लाकडात कोरलेली नसते. दर छापाला ठशावर हातानं नव्यानं ओढावी लागते. माझी पहिली दहा-बारा आभाळं पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीसारखी दिसत होती, कारण फडकं गच्च भिजलेलं होतं. उलट ठसा कोरडा राहिला तर रंग जिथे संपतो तिथे करकरीत रेघ उमटते. ओल्या फडक्यानं ठसा नुसता पुसून घ्या, ब्रशच्या एकाच टोकाला रंग आणि चिमूटभर खळ लावा आणि ब्रश न उचलता कडेला समांतर मागे-पुढे फिरवा. दुसरं टोक फक्त दमट हवं.

रंग ठिपक्याठिपक्यांचा आला तर जपानी कारागीर त्याला ‘गोमाझुरी’ म्हणतात. गोमा म्हणजे तीळ. बहुतेकदा खळ किंवा दाब कमी पडलेला असतो. रंगच वाढवत बसलात तर कोरलेल्या बारीक रेघा बुजतील, तीळ मात्र तसेच. (पाऊस दाखवताना हे तीळ मी मुद्दाम ठेवतो.)

आणि रंग रेघेबाहेर गेला तर लगेच ठशाला दोष देऊ नका. सगळ्या छापांत सारखाच सरकला असेल, तर कागद टेकवायच्या ‘केंतो’ खाचा चुकल्यात. खाचेपासून लांब जाताना फरक वाढत असेल, तर कागद ओलीनं ताणलाय किंवा सुकून आखडलाय. सगळे कागद आदल्या रात्री सारखे दमट करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, आणि छापताना गठ्ठा उघडा टाकून चहाला जाऊ नका.