रंग चढत नाही? मग कापडाचं काय केलंत ते सांगा

"माझी मंजिष्ठा फिकी आली." "झेंडू दोन धुण्यांत गेला." घरी झाडापाल्याच्या रंगात सुती कापड रंगवणाऱ्यांकडून अशा तक्रारी आल्या की मी एकच विचारते, रंगवण्याआधी कापडाचं काय केलंत? उत्तर ठरलेलं: "धुतलं की!" धुतलं म्हणजे पावडरीच्या पाण्यातून काढलं.

खळ न काढणं

कोऱ्या मांजरपाटात खळ असते, शिवाय कापसाचं स्वतःचं मेण. साध्या धुण्याला ते दाद देत नाही. हे मला भाचीच्या लग्नात कळलं. सहा उपरणी मंजिष्ठेत, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीत, रंगवायची होती आणि हातात चार दिवस. खळ काढण्यात एक दिवस कशाला घालवा, म्हणून कापड नुसतं भिजवून पिळलं. भांड्यातून काढताना लालबुंद दिसलं, मी खूश. वाळल्यावर बघते तर अंगभर पांढुरके चट्टे, गजकर्ण झाल्यासारखे. त्यातली दोन कशीबशी घडी घालून व्याह्यांच्या खांद्यावर गेली. उरलेल्या चारांनी मी अजून ओटा पुसते.

आता धुण्याचा सोडा घालून दोन तास उकळते. पाणी चहासारखं होतं, ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मग स्वच्छ धुऊन, वाळवून कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. मोत्यासारखा उभा राहिला तर परत सोड्यात. टपकन् जिरला तरच पुढे.

मीठ आणि व्हिनेगर

हे कोणत्या व्हिडिओतून पसरलंय देव जाणे. सुती कापडावर झाडापाल्याचा रंग मिठाने पक्का होत नाही. बिटाचा तर कशानेच होत नाही, त्याची कोशिंबीर करा. सुताला रंग धरायला तुरटी लागते, आणि तुरटी नीट धरून ठेवायला आधी हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य. माझं माप: १०० ग्रॅम कोरड्या कापडाला २० ग्रॅम हिरडापूड, रात्रभर. पिळून वाळवायचं, धुवायचं नाही. मग १५ ग्रॅम तुरटी. हा क्रम उलटा करून "वेळ वाचवणारे" माझ्याकडे दर महिन्याला येतात.

लोह

हिरडा आणि लोह भेटले की काळपट रंग होतो. काळा हवा असेल तेव्हा हिराकस (लोहाचा क्षार) मुद्दाम घालतातच, पण लाल हवा असताना लोखंडी कढई किंवा बोअरचं लोहवालं पाणी घेतलंत तर मंजिष्ठा मळकट होणार. कच्छमध्ये २००१च्या भूकंपानंतर धमडका गावाच्या पाण्यात लोह वाढलं, तेव्हा अजरख (ठशांनी छापलेलं कापड) छापणाऱ्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी बिऱ्हाड हलवून अजरखपूर वसवलं. तुम्हाला निदान पावसाचं पाणी साठवायला हरकत नाही.

बाकीच्या, झटपट

मंजिष्ठेला उकळी आणू नका, लाल जाऊन विटकरी होतो.

हळद उन्हात उडते. एका सणापुरती ठीक.

रंगाचं पातेलं स्वयंपाकघरात परत नेऊ नका. हिराकस पोटात जायची वस्तू नाही.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी एक दोरा जाळून बघा. टोकाला कडक गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे.

निळीला (इंडिगोला) तुरटी लागत नाही. आणि निळीच्या पिंपातून कापड हिरवट निघालं म्हणून घाबरून लगेच परत बुडवू नका. दोरीवर टाका, हवा लागू द्या, चहा टाका. कप रिकामा होईपर्यंत निळं झालेलं असतं.