पावसाळ्यात मेंढ्यांना जंताचं औषध लागू पडत नसेल तर

औषध पाजून दोन आठवडे झाले तरी मेंढीच्या जबड्याखालचं पाणी ओसरत नाही, पापणीचं आतलं अस्तर पांढरंच. मग दुकानातून दुसरी बाटली येते. बरेचदा बाटली नवी, पण औषधाचा गट तोच. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच गटातली. एकाला न जुमानणारा जंत सहसा दुसऱ्यालाही दाद देत नाही. आयव्हरमेक्टिन-डोरामेक्टिनचंही तसंच. लेव्हामिसोल आणि क्लोसँटेल यांचे गट मात्र वेगळे. म्हणून बाटलीवरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरातला घटक वाचा.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त मेंढरं मारतो तो हिमाँकस हा रक्त शोषणारा जंत. मेलेल्या मेंढीचं चौथं पोट लगेच उघडून पाहा: लाल-पांढरा पीळ दिलेल्या दोऱ्याचे दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे वळवळताना दिसतील. लाल ते शोषलेलं रक्त, पांढरे ते मादीचे अंडाशय. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त घालवतो, म्हणजे हजार जंत असले तर रोज 50 मिली. मादी दिवसाला 5,000 किंवा जास्त अंडी टाकते. ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अळी गवतावर चढते, आणि पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत तिचीही अंडी सुरू. नुसत्या हिमाँकसने हगवण सहसा लागत नाही. लेंडी घट्ट पडतेय म्हणून जनावर ठीक आहे असं समजणं इथेच महागात पडतं.

मे महिन्यात सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजायची पद्धत आता मोडायला हवी. औषध चालत होतं तोवर ती खपून गेली. उन्हाळ्यात माळ करपतो, गवतावरच्या अळ्या मरतात. जंत उरतात ते जवळपास फक्त मेंढ्यांच्या पोटात. त्या वेळी सगळ्यांना पाजलं की वाचतात ते औषध पचवलेले, आणि मृगानंतरच्या कोवळ्या गवतावर त्यांचीच पिलावळ पसरते. धडधाकट मेंढ्या औषधाविना ठेवल्या तर त्यांच्या लेंडीतून साधे, औषधाने मरणारे जंतही माळावर येत राहतात आणि चिवट जंतांचं प्रमाण वाढू देत नाहीत.

कोणाला पाजायचं हे डोळा सांगतो. दिवसाच्या उजेडात एका अंगठ्याने वरची पापणी बुबुळावर हलकेच दाबा, दुसऱ्याने खालची ओढा आणि आतल्या अस्तराचा रंग लगेच पाहा. रेंगाळलात तर रंग बदलतो. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या ‘फमाचा’ नावाच्या डोळ्याच्या रंगाच्या तक्त्यावर लाल 1, पांढराफटक 5. चार आणि पाचला पाजाच. तीनला कोकरू, गाभण किंवा दूध पाजणारी मेंढी असेल तर पाजा. भर पावसात ही तपासणी दर आठ-दहा दिवसांनी, एरवी पंधरवड्याने. धुळीने किंवा डोळे आल्याने अस्तर लाल दिसू शकतं, तिथे फसू नका. उलट यकृतातल्या चपट्या जंतानेही डोळा पांढरा पडतो आणि जबड्याखाली पाणी येतं. पाणथळीत चरणाऱ्या कळपात तो धरून चाला.

आता मात्रा. ‘सगळ्यांना पाच मिली’ हा हिशेब चिवट जंत तयार करायचा कारखाना आहे. अल्बेंडाझोल 2.5 टक्के द्रावणात एका मिलीत 25 मिलिग्रॅम असतं. किलोमागे 7.5 मिलिग्रॅम धरलं तर 40 किलोच्या मेंढ्याला 12 मिली लागतं. पाच मिलीत निम्मंही मिळत नाही. टांगता काटा घ्या, वजनाप्रमाणे गट पाडा आणि गटातल्या सर्वात जड जनावराची मात्रा धरा. मात्र लेव्हामिसोल आणि क्लोसँटेलमध्ये अंदाजपंचे वाढ नको: पहिल्याने लाळ आणि थरथर, दुसऱ्याच्या अतिमात्रेने कायमचं आंधळेपण. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नका. मेंढा कायम कळपातच असेल तर ते टाळलेलंच बरं.

बाटली खळखळून हलवा. नळी गालाच्या कडेने जिभेच्या मुळापर्यंत न्या. औषध तोंडात पुढे पडलं तर ते कोठीपोटाला, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटाला, वळसा घालून पुढे निघून जातं आणि असर घटतो. आदल्या रात्री चारा बंद, पाणी चालू ठेवलं तर अल्बेंडाझोलचा गट जास्त वेळ पोटात राहतो. जड गाभणींना मात्र उपाशी ठेवू नका.

औषध खरंच हरलंय का, हे लेंडीच सांगते. पाजण्याच्या दिवशी दहा-पंधरा मेंढ्यांची ताजी लेंडी थेट गुदद्वारातून काढा, प्रत्येकीची वेगळी पिशवी, हवा दाबून काढलेली, थंड ठेवलेली. उन्हात राहिली तर अंडी फुटून जातात आणि मोजणी खोटी येते. चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांची पुन्हा. आधी सरासरी ग्रॅमला 1,200 अंडी आणि नंतर 300 म्हणजे घट 75 टक्के. 95 च्या खाली आली की त्या गटावर भिस्त ठेवू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकांमार्फत नमुने पुण्याच्या औंध इथल्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. पुढे दोन वेगळ्या गटांची औषधं एकाच दिवशी, प्रत्येकाची पूर्ण मात्रा द्यायची का, हे पशुवैद्यकांनाच ठरवू द्या.

सकाळी दव वाळल्यावरच कळप सोडा, गवत पाच सेंटीमीटरच्या खाली कुरतडू देऊ नका. ज्या माळावर मेंढ्या चरल्या तिथे नंतर गाई-म्हशी सोडल्या तर त्या बऱ्याच अळ्या खाऊन टाकतात. बाजारातून आणलेल्या जनावराला दोन गटांचं औषध देऊन दोन दिवस वेगळं बांधा, त्या लेंड्या खड्ड्यात पुरा, आणि मग त्याला आधीच चरलेल्या माळावर सोडा, कोऱ्या गवतावर नाही. पैदाशीचा मेंढा निवडताना औषधाविना ज्याचे डोळे पावसाळाभर लाल राहिले, तो राखा.